संगणकातला विरुद्धाहार

दूध चांगले, मासेही चांगले. पण दोन्ही एका जेवणात नकोत, असे आपल्याकडे घरोघरी सांगतात. आयुर्वेदात याला विरुद्धाहार म्हणतात. आजच्या आहारशास्त्राला दूध-माशांचा हा नियम कितपत मान्य आहे, तो प्रश्न बाजूला ठेवू. त्यामागचा विचार मात्र फार नेमका आहे: दोष दोन्ही पदार्थांपैकी कशातच नसतो, तो त्यांच्या एकत्र येण्यात असतो. संगणकाच्या एका कोपऱ्यात हा विचार शब्दशः खरा ठरतो. एखाद्या प्रोग्रॅमच्या पोटात बसलेला छोटा डेटाबेस अचानक कोसळतो, सोबत सगळा प्रोग्रॅम घेऊन जातो, आणि तपासायला बसल्यावर प्रत्येक सेटिंग आपापल्या जागी बरोबर निघते. अशा क्रॅशचा गुन्हेगार शोधायचा तर एकेका सेटिंगवर संशय घेऊन भागत नाही, जोड्या तपासाव्या लागतात. आणि माझे मत असे आहे की, न जमणारी जोडी ओळखून ती दारातच अडवण्याची जबाबदारी मुळात डेटाबेस लिहिणाऱ्यांची आहे, वापरणाऱ्याची नंतर.

आधी हा डेटाबेस म्हणजे काय ते पाहू. बँकेचा किंवा रेल्वे आरक्षणाचा डेटाबेस वेगळ्या सर्व्हरवर चालतो; आपला प्रोग्रॅम त्याला नेटवर्कवरून प्रश्न विचारतो. एम्बेडेड डेटाबेसला असे वेगळे घर नसते. तो एक लायब्ररी म्हणून दुसऱ्या प्रोग्रॅममध्येच जोडलेला असतो. त्याचा ‘की-व्हॅल्यू’ हा प्रकार तर अगदी साधा आहे. देवळाबाहेर चपला ठेवल्या की बिल्ला मिळतो; परत येऊन बिल्ला दाखवला की आपल्या चपला हातात पडतात. बिल्ला म्हणजे की, चपला म्हणजे व्हॅल्यू. गूगलच्या जेफ डीन आणि संजय घेमावत यांनी लिहिलेला लेव्हलडीबी २०११ मध्ये खुला झाला; क्रोम ब्राउझर वेबसाइटींची काही माहिती आपल्या संगणकावर याच डेटाबेसमध्ये साठवतो. त्याच्या पायावर फेसबुकने २०१२ मध्ये रॉक्सडीबी उभारायला घेतला आणि पुढल्या वर्षी तोही खुला केला. आज मायएसक्यूएलच्या मायरॉक्स या रूपात, अपाची फ्लिंकमध्ये आणि काफ्का स्ट्रीम्समध्ये रॉक्सडीबी काम करतो. सामान्य माणसाला त्याचे नावही ऐकून माहीत नसते, पण त्याने वापरलेल्या कितीतरी सेवांच्या तळाशी असा डेटाबेस असतो. एकाच घरात राहण्याचा परिणामही एकत्रच भोगावा लागतो. वेगळा सर्व्हर पडला तर प्रोग्रॅम निदान ‘थोड्या वेळाने प्रयत्न करा’ असे सांगू शकतो. पोटातला डेटाबेस कोसळला की सांगायला कोणी उरतच नाही.

रॉक्सडीबीची रचना जुन्या पेढीवरच्या हिशेबासारखी आहे. व्यवहार झाला की तो आधी रोजकीर्दीत, घडला त्या क्रमाने. मग सवडीने खतावणीत, खात्याच्या क्रमाने. पॅट्रिक ओनील आणि सहकाऱ्यांनी १९९६ च्या शोधनिबंधात ‘लॉग-स्ट्रक्चर्ड मर्ज ट्री’ नावाने मांडलेली रचना साधारण हीच. नवी नोंद आली की ती डिस्कवरच्या लॉगमध्ये घडल्या क्रमाने जाते आणि त्याच वेळी मेमरीतल्या ‘मेमटेबल’ नावाच्या तात्पुरत्या तक्त्यात बसते. तक्ता भरला, म्हणजे ठरल्याप्रमाणे ६४ मेगाबाइट झाला, की तो क्रमाने लावून डिस्कवर पक्क्या फाइलमध्ये उतरतो. पुढे अशा फाइली एकमेकींत मिसळून मोठ्या होत जातात. या प्रत्येक पायरीवर निवड करायला वाव आहे. मेमटेबलची आतली मांडणी कशी असावी, एका वेळी किती थ्रेडनी, म्हणजे प्रोग्रॅमच्या समांतर चालणाऱ्या धाग्यांनी, त्यात लिहावे, फाइली थेट डिस्कवरून वाचाव्या की ऑपरेटिंग सिस्टीमच्या मेमरीतून, मिसळण्याची पद्धत कोणती, अशी सेटिंग्ज शेकड्यांनी आहेत. केवळ १०० सेटिंग्ज धरल्या तरी त्यांच्या दोन-दोनच्या जोड्या ४,९५० होतात. एवढ्या जोड्या कोणीही तोंडपाठ ठेवू शकत नाही.

आता एक जोडी अगदी जवळून पाहू. मेमटेबलची नेहमीची मांडणी ‘स्किप लिस्ट’ नावाची आहे. तिची खुबी अशी की नोंद येतानाच क्रमाने बसते आणि अनेक थ्रेड एकाच वेळी तिच्यात नोंदी घालू शकतात. दुसरी मांडणी ‘व्हेक्टर’. यात नोंदी फक्त एकामागे एक ढकलल्या जातात, क्रम नंतर लावला जातो. एकदम मोठा माल भरायचा असेल तर ती उत्तम. पण मूळ रूपातल्या व्हेक्टरमध्ये एका वेळी एकानेच लिहायचे असते. दुसरीकडे एक स्वतंत्र सेटिंग आहे, एकाच वेळी अनेक थ्रेडना मेमटेबलमध्ये लिहू देणारी. स्किप लिस्टबरोबर ती वेग वाढवते. व्हेक्टर आणि ही सेटिंग, दोन्ही आपापल्या जागी उपयोगाच्या. एकत्र आल्या आणि आधी तपासणी नसली की डेटाबेसच्या कोडमध्ये असा प्रसंग येतो: अनेक थ्रेडची मिळून नोंद घालणारे फंक्शन बोलावले जाते, व्हेक्टरकडे तसे फंक्शन नसते, म्हणून मूळ वर्गातले राखीव फंक्शन चालते आणि ते ‘एकत्र लेखन चालत नाही’ असा अपवाद फेकते. तो अपवाद झेलायला कोणी नसेल तर सी++ च्या नियमाप्रमाणे प्रोग्रॅम तिथल्या तिथे संपतो. पडद्यावर शेवटी उरते ‘अबॉर्टेड (कोअर डम्प्ड)’. याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. हे फंक्शन प्रत्येक नोंदीला बोलावले जात नाही. दोन किंवा अधिक थ्रेड एकाच क्षणी लिहायला आले आणि डेटाबेसने त्यांचा एक गट केला, तरच त्याची पाळी येते. एकटा थ्रेड लिहीत असेल तर नेहमीचा रस्ता चालतो आणि सगळे सुरळीत दिसते. म्हणून प्रोग्रॅमरच्या टेबलावरच्या चाचणीत हा दोष दिसत नाही. तो दिसतो सेवेवर खरी गर्दी झाल्यावर. रॉक्सडीबीत यासाठी तपासणी ठेवली गेली: ही जोडी घेऊन डेटाबेस उघडायला गेले तर तो उघडण्यास नकार द्यायचा आणि दोन्ही गोष्टी जमत नाहीत असे सांगायचा. माझ्या म्हणण्याचा गाभा या दोन वागण्यांतल्या अंतरात आहे. चूक तीच, पण तपासणी असेल तर तिचे उत्तर सुरुवातीलाच एका वाक्यात मिळते आणि नसेल तर ते ऐन गर्दीत, मेलेल्या प्रोग्रॅमच्या मेमरीतून खणून काढावे लागते.

खणायचे कसे, हा भाग सगळ्यात रोचक आहे. क्रॅश झाल्यावर हाती येतो तो ‘बॅकट्रेस’, म्हणजे मरताना प्रोग्रॅम कोणत्या फंक्शनमध्ये होता आणि तिथे कोणाच्या बोलावण्यावरून पोहोचला याची साखळी. तो खरे बोलतो, पण अर्धेच. तो सांगतो की नोंद घालताना प्रोग्रॅम पडला. ज्या दोन सेटिंग्जनी त्याला तिथे आणले त्या मात्र डेटाबेस उघडताना, कदाचित काही दिवसांपूर्वी ठरलेल्या असतात. त्यामुळे अनुभवी माणूस बॅकट्रेस पाहून लगेच डेटाबेसच्या फोल्डरकडे वळतो. रॉक्सडीबी तिथे ‘लॉग’ नावाच्या (नोंदींच्या लॉगहून वेगळ्या) फाइलीत उघडतानाच्या सगळ्या सेटिंग्ज लिहून ठेवतो आणि ‘ऑप्शन्स’ नावाची वेगळी फाइलही जपतो. चालत होते तेव्हाची आणि पडले तेव्हाची अशा दोन फाइली शेजारी ठेवून फरक काढला की संशयितांची यादी तयार होते. समजा, आठ सेटिंग्ज बदलल्या आहेत. आता कोणालाही सुचणारी युक्ती म्हणजे निम्म्या-निम्म्याने शोध. पहिल्या चार नव्या ठेवा, उरलेल्या चार जुन्या. पडते का पाहा. नाही पडले. मग उलट करा. तरीही नाही पडले. इथे बरेच जण गोंधळतात आणि दोष हार्डवेअरवर, मेमरीच्या चिपवर किंवा नशिबावर ढकलतात. खरे तर याचा अर्थ अगदी स्पष्ट आहे. एक साथीदार पहिल्या चारांत आहे आणि दुसरा नंतरच्या चारांत, त्यामुळे यादीचे दोन तुकडे करताना आपणच त्यांची जोडी फोडतो आहोत. जर्मन संगणकशास्त्रज्ञ आंद्रेआस त्सेलर यांनी १९९९ मध्ये ‘डेल्टा डीबगिंग’ मांडताना या प्रसंगाचा नेमका विचार केला होता. दोन्ही निम्मे तुकडे निर्दोष निघाले तर एक तुकडा पूर्ण नवा ठेवायचा आणि दुसऱ्यातच शोध घ्यायचा; मग तुकड्यांची अदलाबदल करायची. अशा रीतीने दुसरी आणि सातवी सेटिंग मिळून दोषी असतील तर दोघी हाती लागतात. त्सेलर यांच्या त्या निबंधातले उदाहरण सेटिंगचे नव्हते, पण पद्धतीची ताकद दाखवणारे होते. जीडीबी या डीबगरच्या दोन आवृत्त्यांमध्ये १,७८,००० ओळी बदललेल्या होत्या, आणि त्याच्यावर चालणारा दुसरा प्रोग्रॅम नव्या आवृत्तीत नीट चालेना. यंत्राने शोधत शोधत एकाच बदलावर बोट ठेवले: एका संदेशात ‘आर्ग्युमेंट्स’च्या जागी ‘आर्ग्युमेंट लिस्ट’ झाले होते. तो संदेश जीडीबीत चूक नव्हता, वरच्या प्रोग्रॅमची अपेक्षाही त्याच्या जागी चूक नव्हती. इथेही दोष दोघांच्या भेटीतच होता.

क्रॅश निदान आवाज करतो. यापेक्षा घातक असतो तो न बोलणारा प्रकार. मराठी शब्दकोश वापरणाऱ्याला माहीत आहे की ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांची जागा सगळीकडे सारखी नसते. कुठे ते ‘क’ आणि ‘ज’च्या पोटात येतात, कुठे वर्णमालेप्रमाणे ‘ळ’नंतर शेवटी. पहिल्या पद्धतीने लावलेल्या कोशात दुसऱ्या पद्धतीने ‘क्षमा’ शोधली तर शब्द कोशात असूनही सापडणार नाही आणि शोधणारा खुशाल म्हणेल की कोशात हा शब्दच नाही. रॉक्सडीबीत हा क्रम ठरवणाऱ्या भागाला ‘कम्पॅरेटर’ म्हणतात, आणि तो वापरणाऱ्याला स्वतःचा लिहून देता येतो. डेटाबेस कम्पॅरेटरचे नाव फाइलीत लिहून ठेवतो. पुढच्या वेळी वेगळे नाव दिसले तर उघडायला नकार देतो. ही व्यवस्था लेव्हलडीबीपासून आहे आणि चांगली आहे. पण तपासणी फक्त नावाची होते. नाव तेच ठेवून कोणी आतला क्रम बदलला तर डेटाबेस मुकाट उघडतो, जुन्या फाइली जुन्या क्रमाने असतात, नव्या नव्या क्रमाने, आणि असलेली नोंद ‘सापडली नाही’ म्हणून परत येते. क्रमाने लावलेल्या यादीत मधोमध उघडून डावीकडे जावे की उजवीकडे, एवढ्याच निर्णयावर सगळा शोध उभा असतो. तो निर्णयच खोटा ठरतो. मध्यंतरी मिसळण्याचे काम झाले असेल तर गोंधळ पक्क्या फाइलींतही उतरलेला असतो. अशा वेळी सेटिंग परत पहिल्यासारखी करून काम भागेलच याची खात्री नसते.

न जमणारी जोडी तयार व्हायला वापरणाऱ्याने काही बदललेच पाहिजे असेही नाही. सिइंग डोंग, अँड्र्यू क्रिचका, यानचिन जिन आणि मायकेल स्टम यांनी रॉक्सडीबीच्या अनुभवावर २०२१ च्या ‘फास्ट’ या परिषदेत शोधनिबंध मांडला, त्यात दोन अडचणी मोकळेपणाने मांडल्या आहेत. एक म्हणजे सेटिंग्ज डिस्कवरच्या माहितीशी बांधलेल्या असतात, त्यामुळे एका सेटिंगने लिहिलेल्या फाइली दुसरीने उघडतीलच असे नाही. दुसरी म्हणजे जी सेटिंग वापरणाऱ्याने लिहिलीच नाही तिचे ठरलेले मूल्य लायब्ररीच्या नव्या आवृत्तीत बदलू शकते. अनेक थ्रेडना एकत्र लिहू देणारी ती सेटिंग आधी मुळात बंद असायची, नंतर मुळातच चालू झाली. म्हणजे व्हेक्टर निवडून निवांत असलेल्या माणसाच्या ताटात, त्याने न मागता, दुसरा पदार्थ वाढला गेला. आणखी मोठे उदाहरण मार्च २०१३ चे आहे, आणि ते रॉक्सडीबीचे नाही. बिटकॉइनच्या जुन्या आवृत्त्या बर्कली डीबी हा एम्बेडेड डेटाबेस वापरत, ०.८ ही नवी आवृत्ती लेव्हलडीबीवर आली होती. बर्कली डीबीत एका वेळी किती कुलुपे, म्हणजे लॉक, घेता येतील याला मर्यादा घालणारी सेटिंग होती. एक मोठा ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचा गठ्ठा, आला तेव्हा नव्या आवृत्तीने तो स्वीकारला आणि जुन्यांपैकी अनेकांची कुलुपे संपल्यामुळे त्यांनी नाकारला. ब्लॉक क्रमांक २,२५,४३० पासून हिशेबाच्या दोन साखळ्या झाल्या, आणि नवी साखळी सोडून देऊन सगळ्यांना जुनीवर परत यावे लागले. नंतर जुन्या आवृत्तीसाठी ही मर्यादा ५,३७,००० वर न्यायचा उपाय सांगितला गेला. कोपऱ्यातली एक सेटिंग, जी कोणी नियम म्हणून लिहिलीच नव्हती, ती प्रत्यक्षात पैशाच्या एका व्यवस्थेचा नियम होऊन बसली होती.

यावर पहिला आक्षेप साहजिक आहे: इतक्या सेटिंग्ज हव्यात कशाला? कमी करा, प्रश्न मिटेल. या म्हणण्यात तथ्य आहे आणि काही डेटाबेस मोजक्याच सेटिंग्जवर नीट चालतात. पण फिरत्या डिस्कवर जे शहाणपणाचे असते ते एसएसडीवर नसते. सतत लिहिणाऱ्या सेवेला जे हवे ते क्वचित लिहून सतत वाचणाऱ्या सेवेला नको असते. अनेक घरांत राहायचे तर अनेक सोयी लागणारच. सेटिंग्ज कमी करणे हे चांगले काम आहे, पण दहा जरी उरल्या तरी ४५ जोड्या उरतात आणि त्या कोणीतरी तपासायच्याच असतात. दुसरा आक्षेप मला जास्त खटकतो: सगळे कागदपत्रांत लिहिलेले असते, न वाचणाऱ्याने भोगावे. तियानयिन शू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये याच वृत्तीला उत्तर दिले. चुकीच्या सेटिंगसाठी वापरणाऱ्याला दोष देऊ नका, हे त्यांच्या निबंधाचे शीर्षकच आहे. सात मोठ्या प्रणाली तपासून त्यांनी अशी ७४३ ठिकाणे काढली, जिथे चुकीची सेटिंग मिळाल्यावर प्रणाली वाईट वागत होती: कोसळत होती, गप्प बसत होती किंवा मुकाट भलतेच करत होती. माणूस चुकणारच हे गृहीत धरून गॅसच्या शेगडीला आणि घरातल्या वायरिंगला आपण सुरक्षा लावतो. डेटाबेसला वेगळा न्याय का?

तिसरा आक्षेप अनुभवी लोकांचा आहे आणि त्याला सरळ उत्तर दिले पाहिजे. उघडायला नकार देणे म्हणजे सेवा बंद ठेवणे. त्यापेक्षा डेटाबेसने स्वतःच चूक दुरुस्त करून पुढे जावे, असे ते म्हणतात. रॉक्सडीबी काही ठिकाणी तसे करतोही. हॅशवर आधारलेला मेमटेबल मागितला पण त्याला लागणारी उपसर्गाची, म्हणजे कीचा सुरुवातीचा भाग ठरवणारी, सेटिंग दिली नाही, तर तो गुपचूप स्किप लिस्ट वापरतो. माहिती सुरक्षित राहते, हे मान्य. पण चालवणारा समजतो की हॅश चालू आहे, त्यावरून तो वेगाचे आणि मेमरीचे अंदाज बांधतो, आणि पुढे काही बिघडले तर अस्तित्वातच नसलेल्या गोष्टीचा तपास करत बसतो. दुरुस्ती करायचीच असेल तर ती मोठ्याने सांगून करावी. आणि नकार येतो तो सुरू होण्याच्या क्षणी, जेव्हा अपग्रेड करणारा माणूस समोर जागा असतो आणि जुनी आवृत्ती हाताशी असते. उरला प्रश्न सगळ्या जोड्या तपासणे शक्य आहे का, हा. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेतील रिक कुन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवले की तपासलेल्या बिघाडांपैकी बहुतेक एक-दोन गोष्टींच्या मेळातून घडतात आणि सहापेक्षा जास्त गोष्टी लागलेला बिघाड त्यांना आढळला नाही. म्हणजे शोध अथांग नाही. रॉक्सडीबीचे लेखक स्वतः एक चाचणी चालवतात, जिच्यात सेटिंग्ज यदृच्छेने निवडून डेटाबेस चालवला जातो, मध्येच ठार केला जातो आणि पुन्हा उघडून माहिती शाबूत आहे का पाहिले जाते. त्या चाचणीच्या स्क्रिप्टमध्ये न जमणाऱ्या जोड्या आधीच वगळणारा भाग आहे. म्हणजे कोणत्या जोड्या जमत नाहीत याची यादी लिहिणाऱ्यांना बऱ्याच अंशी ठाऊक असते. चाचणीला जे ठाऊक आहे ते डेटाबेस उघडणाऱ्या फंक्शनलाही ठाऊक असले पाहिजे. त्यात कोड फार वाढत नाही आणि लोकांच्या रात्री वाचतात.

अशी तपासणी सगळीकडे येईपर्यंत वापरणाऱ्याच्या हाती एक साधी गोष्ट आहे. रॉक्सडीबीची ती ‘ऑप्शन्स’ फाइल डेटाबेसच्याच फोल्डरमध्ये असते, साध्या मजकुराची असते, कोणत्याही एडिटरमध्ये उघडते. पण डेटाबेस अशा शेवटच्या दोनच फाइली ठेवतो, जुन्या पुसून टाकतो. तेव्हा लायब्ररीची आवृत्ती बदलण्याआधी किंवा एखादी सेटिंग हलवण्याआधी चालत्या डेटाबेसची ती फाइल दुसरीकडे, तारखेसह, जपून ठेवा.